आठ कोअर त्याच्यातबी, आठ कोअर ह्याच्यातबी: गज्याच्या फोनचं प्रकरण

गज्या दुकानात आला तो फोन ओल्या रुमालात गुंडाळून. एप्रिल २०२५, दुपारचे दोन-अडीच वाजलेले, ऊन असं की समोरचा रसवंतीवाला घुंगरू बंद करून चरख्याच्या आडोशाला आडवा झालेला. मला वाटलं पडला फोन, काच गेली. तर म्हणतो, "काच नाही दादा, हातात धरवंनाच गेलाय." हातात घेतला तर खरंच इस्त्री. मी आधी तो ओला रुमाल काढून फेकला, कारण फोन थंड करायच्या नादात चार्जिंगच्या छिद्रात पाणी गेलेले फोन माझ्याकडं दर उन्हाळ्यात येतात. फ्रिजमध्ये ठेवणारेबी आहेत, आतल्या आत दव धरतं आणि मग बोर्डावर हिरवं बुरशीसारखं चढतं. तर ते करू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो.

परभणीत माझं रिपेरिंगचं दुकान आहे आणि गज्या माझा आतेभाऊ. लग्नातला मोठा कॅमेरा दुसऱ्याकडं असतो, गज्याचं काम वेगळं, तो सगळं फोनवरच करतो. हळद, वरमाला, वरात ह्याच्या उभ्या क्लिपा काढायच्या, तिथंच मांडवात बसून कापाकापी करायची, गाणं टाकायचं, रंग चढवायचे आणि दीड मिनटाचा व्हिडिओ पंगती उठायच्या आत नवरीच्या भावाच्या व्हॉट्सअॅपवर टाकून द्यायचा. लोकांना स्टेटस आजच लागतं, उद्याचं कोणी बघत नाही. लग्नामागं दीड हजार मिळतात. सीझनला दिवसाला दोन लग्नं झाली तर पोरगं बरं कमवतं, शेतीतून तेवढं रोकड येत नाही.

अडचण अशी होती की पहिली क्लिप चार-साडेचार मिनटात एक्स्पोर्ट व्हायची (म्हणजे कापाकापी, गाणं, रंग सगळं मिळून तयार व्हिडिओ बाहेर निघायचा), दुसऱ्या क्लिपेला सात, तिसरीला नऊ-दहा, आणि चौथीच्या वेळी अॅप आपोआप बंद, सगळं परत पहिल्यापासून. आदल्या दिवशी एका लग्नात तिसऱ्या पंगतीचं ताट उचललं तरी वरमालेची क्लिप निघाली नव्हती, नवरदेवाच्या मामानं चारचौघांत झापलं आणि पैशातले पाचशे कापले. पाचशेपेक्षा ते झापणं त्याला जास्त लागलं होतं.

आधी जी निदानं झाली ती

दुकानात येण्याआधी गज्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलेलं होतं. एक म्हणला व्हायरस आहे, एक म्हणला रॅम कमी आहे, एकानं रॅम साफ करायचं अॅप टाकून दिलेलं (ते अॅपच मागं सारखं चालून अजून तापवायलेलं, आधी ते काढलं). फोन २०२० च्या शेवटी घेतलेला, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, आणि डब्यावर मोठ्ठ्या अक्षरात ऑक्टा कोअर, २.३ गिगाहर्ट्झ, म्हणजे प्रोसेसरमध्ये काम करणारे आठ भाग आणि त्यांचा वेग. गज्याचं म्हणणं होतं, "आठ कोअर आहेत दादा, प्रोसेसर तर भारीच आहे, दुसरंच काहीतरी बिघडलंय." कंपनीचं नाव सांगत नाही, त्या वर्षात त्या किमतीत सगळ्याच कंपन्या जवळपास हेच विकत होत्या.

माझा पहिला संशय स्टोरेजवर गेला. ६४ पैकी पावणेदोन जीबी शिल्लक होती. फोनमधली फ्लॅश मेमरी पाटीसारखी नसते की अक्षर पुसलं आणि तिथंच दुसरं लिहिलं, तिच्यात अख्खा ब्लॉक खोडावा लागतो, आणि मोकळी जागाच नसली की नवीन काही लिहायच्या आधी जुनं इकडचं तिकडं हलवत बसावं लागतं. मागच्या सीझनची लग्नं काढून हार्डडिस्कवर टाकली, वीस-बावीस जीबी मोकळी केली. फरक पडला, अॅप उघडायला चौदा सेकंद लागायचे ते नऊवर आले. पण तिसऱ्या क्लिपचं रडगाणं तसंच.

मग मी बॅटरीवर गेलो, आणि इथं माझं चुकलं. बॅटरी जुनी झाली की जास्त ताण आल्यावर व्होल्टेज खाली बसतं आणि काही फोन स्वतःचा वेग आवरून घेतात, हे खरं आहे. चार वर्षांची बॅटरी, म्हणलं हेच असणार, बदलून टाकली. चार्ज आता संध्याकाळपर्यंत टिकायला लागला पण क्लिपा तितक्याच रडत निघायच्या. बॅटरीचे पैसे मी गज्याकडून घेतले नाहीत. अंदाजानं पार्ट बदलायचे आणि गिऱ्हाइकाच्या माथी मारायचे हे आमच्या धंद्यात लई चालतं, भावासोबत तरी नको.

मग जे आधीच करायला पाहिजे होतं ते केलं

म्हणजे मोजलं. गज्याचं एक तयार प्रोजेक्ट घेतलं, दीड मिनटाचं, १०८० पी (चित्राची बारकाई), सेकंदाला ३० फ्रेम, रंग आणि दोन-तीन इफेक्ट टाकलेलं. तेच प्रोजेक्ट लागोपाठ चार वेळा एक्स्पोर्ट करायचं, मध्ये थांबायचं नाही, दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच. एक साधं अॅप टाकलं जे प्रत्येक कोअर त्या घडीला किती वेगानं चाललाय ते दाखवतं. पहिली फेरी दुकानात, कूलरपुढं, तिथं थर्मामीटर तीस दाखवत होता. वेळ आले ३:५०, ४:०५, ४:३५ आणि ४:५०. म्हणजे घसरायलाय पण रडत नाही.

दुसरी फेरी दुकानाच्या मागं पत्र्याखाली, जिथं मी भंगार ठेवतो, तिथं त्याच दुपारी एक्केचाळीस. पहिली क्लिप ४:३०, दुसरी ६:५०, तिसरी ९:२०, चौथ्याला अॅप बंद. अगदी मांडवात व्हायचं तसंच. आणि त्या अॅपात बघितलं तर जे कोअर २.३ गिगाहर्ट्झनं पळायचे ते तिसऱ्या फेरीला १.३-१.४ वर येऊन लटकले होते. बिघाड कशातच नव्हता. फोन स्वतःला वाचवायलेला होता.

हे जरा नीट सांगतो कारण सगळं प्रकरण इथंच आहे. फोनला पंखा नसतो. आत चिपमध्ये, म्हणजे प्रोसेसरमध्ये, जी उष्णता तयार होते ती बोर्डावरून, ग्रॅफाइटच्या पातळ पानावरून, पाठीच्या झाकणावरून बाहेरच्या हवेत जाते, दुसरा रस्ता नाही. साधारण तीन-चार वॉट एवढीच उष्णता फोन अशी सतत बाहेर टाकू शकतो. आणि उष्णता पाण्यासारखी, उतार असला तरच वाहते. पाठ बेचाळीस अंशावर आहे आणि खोलीत पंचवीस आहे तर सतरा अंशाचा उतार मिळाला. आमच्याकडं मांडवात हवाच एक्केचाळीसची, उतार एका अंशाचा, उष्णता जाणार कुठं? मग फोन एकच करू शकतो, उष्णता तयारच कमी करायची, म्हणजे वेग पाडायचा. व्हिडिओवाले एसीच्या खोलीत फोन टेबलावर ठेवून जे स्कोअरचे आकडे दाखवतात ते मराठवाड्यातल्या एप्रिलला कसे लागू पडणार, मला तरी कधी कळलं नाही.

वेग पाडल्यानं उष्णता कमी का होते त्याचाबी साधा हिशेब आहे. चिप किती वीज खाते ते वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. व्होल्टेज दहा टक्के कमी केलं तर ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.८१, तिथंच एकोणीस टक्के वाचले, आणि वेग दहा टक्के पाडला की अजून खाली, साधारण ०.७३. म्हणजे दहा टक्के वेग देऊन सत्तावीस टक्के वीज वाचली. सौदा चांगला आहे. पण हाच सौदा उलटा केला तर लई महाग पडतो, शेवटचा थोडासा वेग मिळवायला भरमसाट वीज जाळावी लागते, आणि स्वस्तातल्या फोनांच्या डब्यावर छापलेला गिगाहर्ट्झचा आकडा बऱ्याचदा तो शेवटचाच असतो. गज्याच्या फोनमध्ये तर २.३ वर चार कोअरच होते, बाकीचे चार १.८ चे. डब्यावर २.३ च छापतात.

नवीन फोन, आणि आकड्यांचा घोळ

गज्याला म्हणलं, ह्या फोनचं आता काही होत नाही, बदल. बजेट सतरा हजार, तेबी निम्मे हप्त्यावर. शहरातल्या एका दुकानात गेलो तर तिथला पोरगा १०८ मेगापिक्सल, १०८ मेगापिक्सल एवढंच बडबडायलेला. चिप कोणता विचारलं तर म्हणला, "ऑक्टा कोअर आहे सर." मी दोन फोन नेटवर बघून गेलो होतो म्हणून बरं, त्यातला मीडियाटेक डायमेन्सिटी ७३०० चिपवाला घेतला.

घरी आल्यावर गज्यानं दोन्ही डबे शेजारी ठेवले आणि तोंड पाडलं. जुन्यावर ऑक्टा कोअर २.३, नव्यावर ऑक्टा कोअर २.५. "दादा, दोन पॉइंटसाठी सतरा हजार घातले का आपण?"

त्याचं चुकत नाही, डब्यावर तेवढंच लिहिलेलं असतं. फरक जिथं आहे ते डब्यावर नसतंच. मी त्याला पंगतीवरून सांगितलं, कारण पंगती त्यानं माझ्यापेक्षा जास्त बघितल्यात.

जुन्या फोनमधले आठही कोअर कोर्टेक्स-ए५३ जातीचे. ही रचना आर्म ह्या कोअरचे नकाशे काढणाऱ्या कंपनीनं २०१२ मध्ये काढलेली, म्हणजे २०२० मध्ये घेतलेल्या फोनात आठ वर्षांपूर्वीचा नकाशा. हा कोअर म्हणजे असा वाढपी जो पानावर ठरल्या क्रमानंच वाढणार. आधी मीठ, मग लोणचं, मग भाजी, मग वरण. वरणाची बादली आचाऱ्याकडून आली नाही तर तो तिथंच उभा. भात हातात तयार आहे, पुढचं पान रिकामं आहे, तरी उभा. आणि एका वेळी दोनच पदार्थ हाताळणार. चिपमध्ये वरणाची बादली म्हणजे रॅममधून येणारा डेटा. २.३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २३० कोटी ठोके, पण रॅममधून एखादी गोष्ट आणायची म्हणलं की शे-दोनशे ठोके नुसते बघत बसण्यात जातात. गिगाहर्ट्झ किती का असंना, उभं राहण्याचाच वेग तो.

नव्यातले चार मोठे कोअर कोर्टेक्स-ए७८, आर्मनं २०२० ला जाहीर केलेले. हा वाढपी पुढची डझनावारी कामं आधीच बघून ठेवतो, वरण आलं नाही तर भात वाढून घेतो, पुढच्या पानाला मीठ घालून येतो, वरण आलं की मागं येऊन क्रम नीट जुळवतो, खाणाऱ्याला कळतबी नाही. एका ठोक्यात चार-चार सूचना फोडतो, नेहमीच्या सूचना आधीच फोडून ठेवलेल्या असल्या तर सहा. पुढं काय लागणार ह्याचा अंदाजबी चांगला बांधतो, जवळची साठवणबी मोठी, म्हणजे सारखं आचाऱ्याकडं पळावं लागत नाही. ठोके तेवढेच, पण एका ठोक्यात पानं कितीतरी जास्त उरकतात.

"मग ए५३ वाईट का?" गज्यानं विचारलं. वाईट नाही. तो लहान, स्वस्त, थोड्या विजेत चालणारा, त्याचं काम साधी पानं वाढायचं. नव्या चिपमध्येसुद्धा चार छोटे कोअर आहेतच, ए५५, ह्याच घराण्यातले, २०१७ चे. मेसेज आला, गाणं चालू आहे, स्क्रीन बंद आहे, अशी कामं ते बघतात आणि मोठे झोपून राहतात. मोठे-छोटे कोअर एकत्र ठेवायची ही आयडिया आर्मनं २०११ मध्ये आणली. चूक एवढीच झाली की स्वस्त फोनात सगळेच छोटे भरले आणि आठ म्हणून विकले. काही कामं अशी असतात की ती आठजणांत वाटताच येत नाहीत, एकानंच ओढावी लागतात, आणि तो एक दमदार नसला तर बाकीचे सात बघतच राहतात.

दुसरी गोष्ट नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. जुना चिप १२ नॅनोमीटरचा, नवा ४ चा, तैवानच्या टीएसएमसी ह्या चिपच्या कारखान्यात बनलेला. हे आकडे आता खऱ्या मापाचे राहिले नाहीत, ४ नॅनोमीटरच्या चिपमध्ये पट्टी लावून मोजायला गेलं तर ४ नॅनोमीटरचं काही सापडणार नाही, पिढीचं नाव आहे ते. पण पिढी बदलली की ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधली बारीक-बारीक बटणं, लहान होतात, कमी व्होल्टेजवर चालू-बंद होतात, आणि वर सांगितलेला वर्गाचा हिशेब कामाला येतो. आयफोन ५एस मधल्या ए७ चिपमध्ये २०१३ साली एक अब्जावर ट्रान्झिस्टर होते, २०२३ च्या ए१७ प्रो मध्ये १९ अब्ज, आणि तरी दोन्ही फोन खिशातच मावतात. तेवढे वाढून जुन्याच हिशेबानं वीज खाल्ली असती तर खिसा जळाला असता.

एकाच नावाच्या नॅनोमीटरमध्येबी कारखान्यानं फरक पडतो बरं का. क्वालकॉम ह्या चिपवाल्या कंपनीनं आपला स्नॅपड्रॅगन ८ जेन १ सॅमसंगच्या ४ नॅनोमीटरवर बनवला होता, नंतर २०२२ मध्येच ८ प्लस जेन १ टीएसएमसीच्या ४ नॅनोमीटरवर नेला, कोअर तेच, आणि कोअरच्या विजेत तीस टक्क्यांपर्यंत बचत झाली असं त्यांनीच सांगितलं. म्हणून मी गिऱ्हाइकाला "४ आहे ना मग घ्या" असं डोळे झाकून सांगत नाही.

तीच परीक्षा नव्या फोनवर

तेच प्रोजेक्ट, अॅपची तीच व्हर्जन, तेच सेटिंग. कूलरपुढं चार फेऱ्या ४८ ते ५१ सेकंदांच्या मध्येच राहिल्या. मग भंगाराच्या पत्र्याखाली, त्या दिवशी चाळीस होतं, ५० सेकंद, ५४, एक मिनिट आणि एक मिनिट पाच. गरम झाला, नाही असं नाही, पण हातात धरवत होता आणि चौथी क्लिप निघाली. मला पहिल्या ४८ सेकंदापेक्षा ह्या चौथ्या आकड्याचं जास्त कौतुक वाटलं. गज्याचा धंदा पहिल्या क्लिपवर चालत नाही, चौथीवर चालतो.

पण सगळं श्रेय कोअरला देऊन टाकायचं हे मला पटेना म्हणून अजून दोन फेऱ्या केल्या. इफेक्ट, रंग सगळे काढून नुसतं कापलेलं प्रोजेक्ट दिलं तर जुना १:२०, नवा २६ सेकंद, म्हणजे तीन पट. इफेक्टवालं प्रोजेक्ट जवळजवळ पाच पट होतं. नुसतं कापलेलं असलं की बरंचसं काम चिपमधला व्हिडिओचा वेगळा भाग करतो, तो भाग व्हिडिओ फोडायला आणि बांधायलाच बनवलेला असतो आणि जुन्या चिपमध्येबी बरा होता. इफेक्ट आले की प्रत्येक फ्रेम जीपीयूतून, म्हणजे चिपमधल्या चित्रं रंगवणाऱ्या भागातून, जाते, कोअर कामाला लागतात, आणि तिथं जुन्याचा दम निघायचा. म्हणजे गज्या जे चमचम करायचा, नवरीच्या मागं चांदण्या बिंदण्या, त्याचाच भार होता. त्याला म्हणलं चांदण्या कमी कर तर म्हणला, "चांदण्याचेच तर पैसे देतेत लोक."

दुसरी फेरी स्टोरेजची. जुन्यात ईएमएमसी होतं, नव्यात यूएफएस. ईएमएमसी म्हणजे एकपदरी पूल, एकतर येणारे जातील नाहीतर जाणारे, यूएफएसला दोन्ही बाजू एकदम चालतात आणि रस्ताबी रुंद. अॅप उघडायला नऊ सेकंदांचे दोन झाले, गॅलरी सरकवताना जे करडे चौकोन दिसायचे ते गेले. गज्याला "फोन फास्ट झाला" असं जे पहिल्या पाच मिनटात वाटलं ते मला वाटतं निम्मं ह्याच्यामुळंच. त्याला वाटलं प्रोसेसर.

अक्षय तृतीया

३० एप्रिलला अक्षय तृतीया, त्या दिवशी गज्याकडं तीन लग्नं. पहिलं शहरात, मंगल कार्यालयात, तिथं काहीच अडचण आली नाही, वरमालेची क्लिप पहिली पंगत बसायच्या आधीच पाठवली. नवरीचा भाऊ दुसरी क्लिप वाढवून मागायला लागला.

दुसरं झरीकडच्या एका गावात, पत्र्याचा मांडव, लाईट गेलेली, जनरेटर फक्त डीजेला. क्लिप मिनटात तयार, आणि मग ती जाईना. पाचशे-सातशे माणसं, सगळ्यांचे फोन एकाच टॉवरला लागलेले, सगळेच लाइव्ह करायलेले. व्हॉट्सअॅपवरचं ते गोल चक्र फिरत बसलं. शेवटी गज्या पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर अर्धा चढला तेव्हा कुठं दोन टिक आल्या, अकरा मिनटं लागली. चिपमधला मॉडेम, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, कितीबी चांगला असला तरी टॉवरवर जागाच नसली तर तो काय करणार. म्हणजे मांडवातली आधीची दहा मिनटं एक्स्पोर्टची होती, आता टाकीवरची अकरा मिनटं अपलोडची.

तिसरं संध्याकाळचं, आणि तिथं गज्यानं जो शहाणपणा केला तो मला रात्री कळला. नवा फोन ४के काढतो हे त्याला सापडलं होतं. म्हणलं भारी दिसंल, सगळं ४के वर टाकलं. ४के म्हणजे १०८० पी च्या चौपट पिक्सल, ३८४० गुणिले २१६०, प्रत्येक फ्रेममध्ये ऐंशी लाखाच्या वर. एक्स्पोर्ट परत साडेतीन-चार मिनटांवर, फोन परत तापला, एका संध्याकाळीत वीस जीबी गेले. आणि पाठवायचं कुठं तर व्हॉट्सअॅपवर, जे तो व्हिडिओ आधी दाबून बारीक करणार मगच पाठवणार. म्हणजे २०१२ च्या कोअरपासून २०२० च्या कोअरपर्यंत, बारापासून चार नॅनोमीटरपर्यंत जेवढं कमावलं तेवढं पठ्ठ्यानं एका बटणात घालवलं. फोनवर मी दोन शिव्या दिल्या, म्हणला, "बंद करतो दादा, पण भारी दिसतंय लेका, तू बघ तर."

त्यानंतरची त्याची पद्धत मी ठरवून दिली. स्टेटसचं सगळं १०८० पी. ४के फक्त वरमालेच्या त्या अर्ध्या मिनटाला, तेबी कोणी अल्बमवाल्यानं मागितलं तर. एक्स्पोर्ट करताना कव्हर काढायचं, रबराचं जाड कव्हर म्हणजे उन्हाळ्यात गोधडी. एक्स्पोर्ट चालू असताना पॉवरबँक लावायची नाही, कारण चार्जिंगची वेगळी उष्णता त्याच्यात मिळते. ब्राइटनेस निम्मा. आणि फोन आचाऱ्याच्या भट्टीकडच्या बाजूला ठेवायचा नाही, हे सांगावं लागलं कारण तो तिथंच बसायचा, म्हणे तिथं खुर्ची रिकामी असते. ह्यातलं अर्धं जुन्या फोनला आधीच केलं असतं तर तिसरी क्लिप नऊऐवजी सहा-सात मिनटात निघाली असती असं मला वाटतं, मोजलं मात्र नाही.

मेच्या मध्यापर्यंत हप्त्याचे दोन महिने भरून निघाले एवढी लग्नं झाली, मग पाऊस आला आणि काम थांबलं.

जुना फोन विकायला काढला तर दोन हजारच्या वर कोणी जाईना. मग नवी बॅटरी टाकलेलीच होती म्हणून आत्याला दिला. आत्या त्याच्यावर सकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन लावते, तासन् तास चालतं, कुठं अडकत नाही, तापतबी नाही. व्हिडिओ नुसता बघायचं काम त्या चिपमधला तो वेगळा भागच करतो, कोअर जवळपास रिकामे. परवा गेलो होतो तर आत्या मलाच म्हणायली, "एवढा चांगला चालतोय की रे हा, ह्या गज्याला उगं नवं पाहिजे होतं, आणि तू बी त्याच्या नादी लागलास."